आपल्याच वस्तूची चोरी

एका संगमरवरी मूर्तीचा दहा लाख डॉलरचा विमा उतरवलेला आहे. ती चोरायला दोघं निघाली आहेत. मूर्ती खोटी आहे हे तिला पक्कं ठाऊक. त्यालाही ठाऊक. पण त्याला ते ठाऊक आहे याचा तिला पत्ता नाही, आणि तो तिला लागू देत नाही. विल्यम वायलरचा १९६६ सालचा 'हाऊ टू स्टील अ मिलियन' हा सिनेमा एवढ्याशा खुंटीवर टांगलेला आहे. चोरीचे सिनेमे मी आवडीने बघते. त्यातल्या बहुतेकांची गंमत तिजोरी उघडली की संपते. हा एक असा आहे की ज्यात तिजोरीचं काय झालं ते आपण विसरून जातो आणि तो तिला एक प्रश्न का विचारत नाही, याचाच विचार करत बसतो.

पॅरिसमधल्या एका ऐसपैस जुन्या घरात शार्ल बोने राहतो. जगाच्या लेखी तो मोठा संग्राहक. भिंतीवर एकाहून एक नामांकित चित्रं. प्रत्यक्षात कपाटाआडून वाट असलेल्या चोरखोलीत बसून हा गृहस्थ ती चित्रं स्वतःच रंगवतो. सिनेमाच्या सुरुवातीला त्याचा एक सेझान लिलावात घसघशीत किमतीला जातो, आणि घरी त्याचा पुढचा व्हॅन गॉग सुरू असतो. ह्यू ग्रिफिथने हे काम केलंय ते नुसत्या भुवयांवर. वायलरच्याच 'बेन-हर'मध्ये घोड्यांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारा शेख हाच. त्या कामाला त्याला ऑस्कर मिळालं होतं. इथे ती सगळी माया खोट्या चित्रांवर. मुलगी निकोल त्याला परोपरीने सांगते की बाबा, हे बंद करा. तो दुखावतो. आपण पैशासाठी हे करतो असं कुणाला वाटावं, हेच त्याला सहन होत नाही. तो कलावंत आहे. फक्त सही दुसऱ्याची करतो.

घरात एक मूर्तीही आहे. 'चेलिनीची व्हीनस' म्हणून ती प्रसिद्ध. घडवली बोनेच्या वडिलांनी, आणि मूर्तीसाठी समोर उभी राहिली ती बोनेची आई, म्हणजे निकोलची आजी. आजीने भरपेट जेवणं सुरू करण्याआधीची ती मूर्ती आहे, असा खुलासाही सिनेमात होऊन जातो. बोने मिरवण्याच्या भरात ही मूर्ती एका संग्रहालयाला प्रदर्शनासाठी देतो. मग विम्याचा माणूस कागद घेऊन येतो, आणि बोने ऐटीत सही ठोकतो. सहीनंतर कळतं की त्या कागदाने मूर्तीच्या शास्त्रीय तपासणीलाही परवानगी दिलेली आहे. चित्राच्या बाबतीत तज्ज्ञांना घोळात घेता येतं, दगड मात्र बोलतो. तज्ज्ञ येण्याआधी मूर्ती तिथून नाहीशी झाली नाही तर म्हातारा तुरुंगात जाणार. मग निकोल, जी आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही, ती चोराच्या शोधात निघते.

चोर तिच्या ओळखीचाच आहे. आदल्याच एका रात्री तो तिच्या घरात शिरला होता. रात्री अंथरुणात पडून ती हिचकॉकच्या नावाचं रहस्यकथांचं मासिक वाचतेय, तेवढ्यात खाली खुट्ट होतं. खाली येऊन बघते तर एक देखणा, डिनर जॅकेटमधला तरुण व्हॅन गॉग हातात घेऊन उभा. ती भिंतीवरची जुनी बंदूक रोखते, ती चुकून उडते, त्याच्या दंडाला गोळी चाटून जाते. मग तीच आयोडीन लावते, तीच नाइटगाउनवर कोट चढवून आणि पायांत बूट घालून त्याला त्याच्याच गाडीतून रिट्झ हॉटेलात सोडून येते. पोलिसांना बोलवायची सोय तिला नाही, कारण पोलीस आले की चित्राचीही चौकशी होणार. आणि तो, सायमन? तो मुळात चोर नाहीच. संग्रहालयांसाठी बनावट कलाकृती हुडकून काढणारा तज्ज्ञ आहे. चित्राच्या रंगाचा कण घ्यायला आला होता. पकडला गेला म्हणून त्याने चोर असल्याची बतावणी केली, कारण चोर असणं हे तपासनीस असण्यापेक्षा कमी धोक्याचं होतं.

जरा मोजून बघा: चित्रं खोटी, मूर्ती खोटी, चोर खोटा, आणि होऊ घातलेली चोरी म्हणजे स्वतःचीच वस्तू घरी आणणं, म्हणजे तीही खोटी. शिवाय पडद्यावर दिसणारी व्हॅन गॉग आणि सेझानची चित्रं सिनेमासाठी कुणीतरी रंगवलेली. म्हणजे बनावट चित्रांचीही बनावट. कलादिग्दर्शक होता अलेक्झांडर त्राउनर. एवढ्या खोटेपणाच्या ढिगाऱ्यात एक खरी गोष्ट शोधून काढायची, हे वायलरचं काम. ती त्याला सापडली झाडू-बादल्यांच्या कपाटात.

कपाटाकडे यायच्या आधी दोन गोष्टी सांगून टाकते, कारण त्या सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिली निकोलचं काम करणाऱ्या ऑड्री हेपबर्नच्या नायकांबद्दल. 'रोमन हॉलिडे'त, तोही वायलरचाच, ग्रेगरी पेक तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा. पुढे हंफ्री बोगार्ट आणि फ्रेड अस्टेअर जवळजवळ तीस वर्षांनी मोठे, गॅरी कूपर अठ्ठावीस, केरी ग्रँट पंचवीस. जणू या मुलीला कायम काकांच्याच हवाली करायचं असं हॉलिवूडने ठरवलं होतं. इथे समोर सायमन म्हणून पीटर ओ'टूल आहे, जन्म १९३२, म्हणजे तिच्याहून तीन वर्षांनी लहान. चार वर्षांपूर्वी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या वाळवंटात गंभीर झालेले ते निळे डोळे इथे खट्याळ झालेत. हेपबर्नचं वागणंही त्यामुळे बदललंय. ती कुणाकडे मान वर करून बघत नाही. बरोबरीच्या माणसाशी बोलावं तशी बोलते, चिडते, ओरडते. सगळ्या सिनेमाचा मोकळेपणा मला तिथून आलेला वाटतो.

दुसरी गोष्ट हॉलिवूडच्या नियमावलीची. १९३४ पासून १९६८ पर्यंत अमेरिकन सिनेमावर एक आचारसंहिता होती. गुन्हेगाराबद्दल प्रेक्षकाला सहानुभूती वाटता कामा नये, चोरी कशी केली ते बारकाईने दाखवता कामा नये, गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे. साठच्या दशकात तिचे दात पडत आले होते, तरी सवय होतीच. फ्रान्समध्ये झ्यूल दासँने १९५५ साली 'रिफिफी' काढला. त्यातली चोरी जवळजवळ अर्धा तास चालते, एकही शब्द नाही, संगीत नाही. पण शेवटी सगळे मरतात. त्यानेच १९६४ साली इस्तंबूलच्या राजवाड्यातला खंजीर चोरणारा 'टोपकापी' काढला, तो हसरा; तरी मंडळी तुरुंगात जातातच. वायलरच्या सिनेमाने यातून काढलेली पळवाट मला फार हुशारीची वाटते. चोरी दाखवायची, तपशिलाने दाखवायची, नायक-नायिकेला मोकळं सोडायचं, आणि कुणी हरकत घेतलीच तर विचारायचं, चोरलं काय? यांचंच होतं, यांनीच नेलं!

आता कपाट.

संग्रहालय बंद होण्याच्या सुमारास दोघं जिन्याखालच्या कपाटात शिरतात. आत झाडू, बादल्या, फडकी. जागा एवढी की एकाने हात हलवला तर दुसऱ्याला कोपर लागावं. रखवालदार येतो, बाहेरून कुलूप लावतो, किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो आणि जातो. निकोलचा धीर सुटतो. सायमन मात्र निवांत. त्याने आधीच येऊन मापं घेतलेली आहेत, किल्ली कुठे टांगतात ते पाहिलेलं आहे. खिशातून चुंबक काढतो आणि आतल्या बाजूने भिंतीवरून फिरवायला लागतो. बाहेर किल्ली खिळ्यावरून सुटते आणि भिंतीला चिकटून, कुणी न धरता, हळूहळू दाराकडे चालायला लागते. हा प्रसंग कितीदा पाहिला तरी मी किल्लीकडे बघतच नाही. मी बघते ते निकोलच्या चेहऱ्याकडे. नाकापासून वीतभर अंतरावर हा माणूस एकाग्र होऊन भिंत चाचपतोय, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती कधी ओसरली आणि दुसरं काय उगवलं, ते तिचं तिलाही कळलेलं नाही.

मग बूमरँग. मूर्तीभोवती डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचं कुंपण आहे. काही आडवं आलं की घंटा. सायमनने बूमरँग फेकायचा सराव करून ठेवलाय. तो ते फेकतो, किरण तुटतात, घंटा बोंबलते, बूमरँग आज्ञाधारकपणे हातात परत येतं, दोघं पुन्हा कपाटात. पोलीस धावतात, शिट्ट्या, बूट, धावपळ. मूर्ती जागेवर. सगळे परत जातात. थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेवटी सगळे इतके वैतागतात की पहारेकरी ती यंत्रणाच बंद करून टाकतात. एवढंच. ना सुरुंग, ना दोरखंड, ना मुखवटे. सरकारी माणसाच्या वैतागावर भिस्त ठेवून केलेली ही बहुधा सिनेमातली सगळ्यात स्वस्त चोरी असेल. निकोल मोलकरणीच्या वेषात फरशी पुसत बाहेर येते आणि मूर्ती बादलीत जाते. हा वेष चढवताना तिला सुनावलं जातं की आज तेवढीच जिव्हांशीला सुट्टी. कारण बाकी सिनेमाभर तिचे सगळे कपडे खरोखरच हुबेर द जिव्हांशीने शिवलेले आहेत.

बूमरँगची ही युक्ती फारच बालिश म्हणून नाक मुरडणारे मला भेटलेत. त्यांना मी व्हिएन्नाची गोष्ट सांगते. चेलिनी हा सोळाव्या शतकातला फ्लॉरेन्सचा सोनार आणि मूर्तिकार. तोंडाचा फटकळ, हाताचा तापट, खून केलेला, रोमच्या किल्ल्यातल्या तुरुंगातून चादरींच्या दोराने उतरताना पाय मोडून घेतलेला. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिस राजासाठी त्याने सोन्याचं आणि मिन्याचं एक मीठदान घडवलं, वीतभर उंचीचं; एका बाजूला समुद्रदेव, त्याच्याजवळ मीठ; दुसरीकडे पृथ्वी, तिच्याजवळ मिरी. ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात असतं. ११ मे २००३ च्या पहाटे एक माणूस दुरुस्तीसाठी बांधलेल्या परांचीवरून चढला, खिडकी फोडली, काच फोडली आणि ते घेऊन गेला. घंटा वाजली होती. पहारेकऱ्यांना वाटलं, नेहमीसारखी उगाच वाजली असेल. चोर निघाला घंटा बसवण्याच्याच धंद्यातला. जानेवारी २००६ मध्ये ते मीठदान ऑस्ट्रियातल्या एका रानात पुरलेल्या पेटीत सापडलं; किंमत सांगतात पाच कोटी युरोच्या आसपास. म्हणजे सिनेमात खोट्या चेलिनीसाठी जी युक्ती रचली, ती सदतीस वर्षांनी खऱ्या चेलिनीच्या बाबतीत आपसूक घडली. प्रेम सोडून सगळं तसंच.

लूव्हरमध्ये १९ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी चोरांनी मालवाहू शिडी लावून राजघराण्याचे दागिने पळवले, तेव्हा सगळ्यांनी हा सिनेमा, तो सिनेमा अशी नावं घेतली. मला त्यात सिनेमासारखं काही दिसलं नाही. आठ मिनिटांच्या आत कारभार उरकला. सिनेमातल्या चोरीला वेळ लागतो. दोघांनी तासन् तास कोंडून घेतल्याशिवाय ती होतच नाही.

हा सिनेमा मी माझ्या आत्याबरोबर एकदा पाहिला. आत्या साताऱ्याच्या शाळेत संस्कृत शिकवायची. इंग्रजी सिनेमा म्हणजे तिच्या मते पळापळ, त्यामुळे ती निवडत-टिपत बसली होती. सायमन भिंतीची मापं घ्यायला लागला तशी तिने परात बाजूला ठेवली. म्हणाली, "अगं, हा तर आपला शर्विलक!"

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक. देवलांनी ते नाटक मराठीत संगीत करून आणलं, तेव्हापासून आपल्याकडे वसंतसेना आणि चारुदत्त घराघरात पोचले. शर्विलक मात्र जरा मागे राहिला. त्याची कथा थोडक्यात अशी. वसंतसेनेची दासी मदनिका हिच्यावर याचं प्रेम आहे. तिला दास्यातून सोडवायला धन हवं. म्हणून हा विद्वान ब्राह्मण, चार वेद जाणणाऱ्या बापाचा मुलगा, रात्री चारुदत्ताच्या घराला खिंडार पाडायला येतो. आणि कसा येतो! रोज सूर्याला अर्घ्य देऊन ज्या जागी विटा ओलसर झाल्यात, उंदरांनी जिथे माती उकरलीय, ती जागा हेरतो. मग भोक कुठल्या आकाराचं पाडावं याचा विचार. उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे शास्त्रशुद्ध नमुने आहेत. भाजक्या विटांना पूर्णकुंभ शोभेल म्हणून तो घेतो. मापायची दोरी आणायला विसरला, तर जानवं काढतो. ब्राह्मणाला जानव्याचे उपयोग किती, हे तो तिथल्या तिथे मोजून दाखवतो: भिंत मापता येते, दागिन्यांचे फासे सोडवता येतात, कडी काढता येते, साप चावला तर बोट आवळता येतं. आणि दुसऱ्याच क्षणी बोटाला काहीतरी चावतंच.

आत शिरतो तर घरात मृदंग, वीणा, बासरी, पोथ्या. म्हणजे कलेचं घर; म्हणजे कंगाल. बिचारा परत फिरणार, तोच झोपेत बरळणारा मैत्रेय, दागिन्यांचा डबा सांभाळायचं ज्याच्याकडे आहे तो विदूषक, गाईब्राह्मणाची शपथ घालून तो डबा त्याच्याच हातात देतो. सकाळी चारुदत्त उठतो, भिंतीतलं भोक बघतो आणि आधी काय करतो, तर भोकाची कारागिरी वाखाणतो! चोर रिकाम्या हातांनी गेला नाही, याचं त्याला समाधान वाटतं. नंतर आठवतं की दागिने आपले नव्हते, ठेव होती. बोने आणि चारुदत्त यांची भेट झाली असती तर दोघांचं छान जमलं असतं, असं मला वाटतं. एक खोट्या कलेचा अभिमानी, दुसरा चोराच्या कलेचा कदरदान.

पण आत्याला शर्विलक आठवला तो मापांमुळे नव्हे. खरी गाठ पुढे आहे. तो दागिने घेऊन मदनिकेकडे येतो. मदनिका दागिने ओळखते. हे तर वसंतसेनेचे! तिनेच चारुदत्ताकडे ठेवायला दिलेले! म्हणजे वसंतसेनेची दासी सोडवायला हा वसंतसेनेचेच दागिने चोरून वसंतसेनेलाच देणार. निकोलसारखंच झालं: मालकाची वस्तू, मालकालाच. मदनिका घाबरते, रागावते, आणि मग डोकं चालवते. सांगते, चारुदत्तानेच पाठवले म्हणून हे बाईंना परत देऊन टाक. म्हणजे तू चोर नाहीस, तो ऋणी नाही, आणि बाईंना बाईंचं मिळालं. हे सगळं बोलणं वसंतसेनेने खिडकीतून ऐकलेलं आहे. तरी शर्विलक दागिने घेऊन समोर आल्यावर ती काय म्हणते? चारुदत्ताने मला सांगितलंय की जो हे दागिने आणून देईल त्याला मदनिका द्यायची. तुझी चोरी मला कळली, असा शब्दही नाही. त्याच्या खोट्यावर तिने आपलं एक खोटं चढवलं आणि मदनिकेचं लग्न लावून दिलं.

आत्या म्हणाली, "माहीत असून विचारायचं नाही. त्यालाच मोठेपणा म्हणतात."

मोठेपणा हा शब्द तिच्या पिढीचा. मी असते तर त्याला प्रेम म्हटलं असतं. सायमन निकोलला एकदाही विचारत नाही की बाई, तुमच्याच घरची मूर्ती तुम्हाला का चोरायचीय? हा प्रश्न कुणालाही पडेल. रिट्झमध्ये ती त्याला भेटून हे सांगते तेव्हाच पडला पाहिजे. तो तपासनीस आहे, प्रश्न विचारणं हा त्याचा पोटाचा धंदा आहे. शिवाय उत्तर मिळालं तर त्याचं काम फत्ते: बोने सापडला. तो विचारत नाही. तिने काही कारण पुढे केलं तर मानेने हो म्हणतो. कपाटातल्या चुंबनापर्यंत तो चोर म्हणूनच तिच्याबरोबर राहतो, आणि नोकरीचं, नावाचं, सगळ्याचं नुकसान होईल असं काम करून टाकतो. नंतर ती विचारते तेव्हा कळतं की हे त्याला आधीपासून माहीत होतं.

त्याच्या उलट डेव्हिस लेलँड. हा अमेरिकन धनाढ्य. हे काम केलंय ईलाय वॉलॅकने, ज्याला त्याच वर्षी सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्नपटात धुळीने माखलेला टुको म्हणून जगाने पाहिलं. लेलँड व्हीनसच्या पायी वेडा झालाय. ती मिळावी म्हणून तो निकोलला मागणी घालतो. मूर्ती निकोलच्या आजीवरून घडवलेली आहे. म्हणजे ज्या चेहऱ्यासाठी हा झुरतोय, त्याचं रक्ताचं माणूस समोर बसून जेवतंय, आणि याचं लक्ष विमा आणि वेळापत्रकावर. शेवटी सायमन मूर्ती लेलँडलाच देऊन टाकतो. अटी दोनच: कुणाला दाखवायची नाही आणि बोने कुटुंबाशी पुन्हा संबंध ठेवायचा नाही. लेलँड खुशीत मूर्ती घेऊन जातो. सगळ्या सिनेमात इतका सुखी माणूस दुसरा कुणी नाही. खोट्या दगडाने त्याचं काही बिघडलेलं नाही.

इथे मला वायलरशी भांडायचंय. सायमन शेवटी सज्जन, पगारदार, प्रतिष्ठित निघतो, ही जरा भ्यालेली पळवाट आहे. आचारसंहितेचा धाक म्हणा, पण नायिकेला खऱ्या चोराच्या हाती द्यायचं धैर्य त्याला झालं नाही. शूद्रकाला झालं. शर्विलक हा चोरच आहे, त्याने खरोखरच भिंत फोडली आहे, आणि नाटक त्याचं धुऊन-पुसून काही करत नाही. उलट नव्या बायकोला गाडीत बसवल्यावर लगेच मित्राला, आर्यकाला, राजाने कैदेत टाकल्याची दवंडी कानावर येते. हा बायकोला मित्राच्या घरी रवाना करतो आणि स्वतः तुरुंग फोडायच्या तयारीला लागतो. नाटक संपेपर्यंत राज्य उलथतं. भिंती फोडायची कला वाया गेली नाही.

बोनेलाही सिनेमा फार स्वस्तात सोडतो. त्याच्या चित्रांना फसलेल्या लोकांचं काय, याचा विचार करायला पटकथाकार हॅरी कुर्निट्झला सवड नाही. खऱ्या जगात हे इतकं गोड नसतं. हान व्हान मेगेरेन हा डच चित्रकार व्हर्मेरची खोटी चित्रं करायचा. त्यातलं एक हर्मन गोअरिंगपर्यंत पोचलं. युद्धानंतर, १९४५ मध्ये, राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकला म्हणून त्याला धरलं. तेव्हा स्वतःचा जीव वाचवायला त्याला पहाऱ्यात उभं राहून आणखी एक खोटं व्हर्मेर रंगवून दाखवावं लागलं. शिक्षा झाली एक वर्षाची. ती भोगण्याआधी, १९४७ च्या डिसेंबरात, तो वारला. बोनेची सगळी ऐट ही कुणाला कळत नाही यात आहे. मेगेरेनवर ते कळावं म्हणून गयावया करायची वेळ आली.

तरीही सिनेमाचा शेवट मला पटतो, आणि तो नीतीच्या दृष्टीने साफ चुकीचा आहे. बोनेने सायमनला शब्द दिलाय की आता पुरे. दोघं लग्नाला निघालीत. तेवढ्यात एक परदेशी संग्राहक दारात येतो, व्हॅन गॉग बघायला. सायमन विचारतो, हा कोण? आणि निकोल, जिला सिनेमाच्या सुरुवातीला खोटं बोलताना घाम फुटत होता, ती डोळे न लववता सांगते की नातेवाईक आहे. सायमनला अर्थातच सगळं कळतं. तो तिच्या खोटं बोलण्यातल्या प्रगतीचं कौतुक करतो आणि गाडी सुरू करतो. मदनिकेने चोराला साव केलं. सायमनने सावाला चोर केलं. आत्याला हा शेवट अजिबात आवडला नाही. मुलगी बिघडली, म्हणाली. मी म्हटलं, आत्या, तू वसंतसेनेला कधी असं म्हणालीस का? तीही खोटंच बोलली होती. त्यावर तिने परात पुन्हा पुढ्यात ओढली.

संगीताबद्दल एकच सांगते: श्रेयनामावलीत जॉनी विल्यम्स असं नाव दिसेल, तो म्हणजे पुढे 'जॉज' आणि 'स्टार वॉर्स' करणारा जॉन विल्यम्स. इथे तो अजून खेळकर आहे.

सिनेमा दोन तास तीन मिनिटांचा आहे. पहिला तास जरा सैल आहे, तो सोसा. कपाट त्यानंतर येतं. आणि घरात 'मृच्छकटिक' असेल तर बसण्याआधी तिसरा आणि चौथा अंक वाचून घ्या.